शेवटच्या आठवड्यांतील सोनोग्राफीवरून कळांचा अंदाज कसा घ्यावा

छत्तीस आठवड्यांनंतर केलेल्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर प्रसूतीची एक तारीख छापलेली असते आणि ती बहुतेक वेळा सुरुवातीच्या रिपोर्टमधील तारखेशी जुळत नाही. कुणाची तारीख आठ दिवस अलीकडे आलेली दिसते, कुणाची दहा दिवस पलीकडे गेलेली. ती पाहून घरात धांदल उडते, रजेचे अर्ज बदलले जातात आणि क्वचित प्रसूती लवकर करून घेण्याचा आग्रहही धरला जातो. वास्तविक या नव्या तारखेचा कळांशी काहीच संबंध नसतो. बाळाच्या डोक्याचे, पोटाचे आणि मांडीच्या हाडाचे माप अमुक आठवड्यांच्या सरासरी बाळाइतके आहे, एवढाच तिचा अर्थ असतो. यंत्र त्या मापांवरून उलटा हिशेब करून तारीख छापते. कळांचा अंदाज घेण्यासाठी सोनोग्राफी खरोखरच उपयोगी पडते, परंतु तो अंदाज बाळाच्या मापांवरून नव्हे, तर गर्भाशयाच्या मुखावरून घ्यायचा असतो, आणि तो तारखेच्या रूपात नव्हे, तर पुढच्या सात दिवसांतील शक्यतेच्या रूपात मिळतो.

आधी तारीख पक्की करावी

शेवटच्या आठवड्यांतील कोणतीही तपासणी वाचायची असेल, तर आज नेमके किती आठवडे आणि किती दिवस झाले आहेत हे निर्विवादपणे माहीत असले पाहिजे. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजण्याची पद्धत सर्वांना ठाऊक आहे. पण ती पाळी अठ्ठावीस दिवसांची आहे आणि बीज चौदाव्या दिवसाच्या आसपास सुटले आहे, असे गृहीत धरते. ज्यांची पाळी पस्तीस-चाळीस दिवसांनी येते, त्यांचे दिवस या हिशेबाने आठवडाभर किंवा त्याहून अधिक आधीच भरल्यासारखे दिसतात. म्हणून पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफीला इतके महत्त्व आहे. तेरा आठवडे सहा दिवसांपर्यंत गर्भाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी मोजून काढलेले वय साधारणपणे पाच ते सात दिवसांच्या फरकाने बरोबर येते, कारण त्या काळात सर्व गर्भ जवळजवळ एकाच गतीने वाढतात. नवव्या आठवड्याच्या आधीच्या सोनोग्राफीत पाळीच्या हिशेबापेक्षा पाचहून अधिक दिवसांचा, किंवा त्यानंतर तेरा आठवडे सहा दिवसांपर्यंतच्या सोनोग्राफीत सातहून अधिक दिवसांचा फरक आढळला, तर सोनोग्राफीची तारीख धरतात. अन्यथा पाळीचीच तारीख कायम ठेवतात.

एकदा ठरलेली ही तारीख पुढे बदलायची नाही. अठ्ठावीस आठवड्यांनंतर एकाच वयाच्या बाळांच्या आकारात इतकी तफावत पडते, की मापांवरून काढलेले वय तीन आठवड्यांनीही इकडेतिकडे होऊ शकते. याहून गंभीर बाब अशी, की बाळ दोन आठवड्यांनी लहान दिसते म्हणून तारीख दोन आठवडे पुढे ढकलली, तर बाळाची वाढ खुंटली असण्याची शक्यताच कागदावरून पुसली जाते. लहान दिसणारे बाळ हा वाढीचा प्रश्न आहे, तारखेचा नव्हे. तेथे रक्तप्रवाहाची डॉप्लर तपासणी आणि पुढील वाढीवर लक्ष ठेवणे आवश्यक असते. नव्या तारखेच्या समाधानात ही तपासणी राहून जाऊ नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

सुरुवातीची सोनोग्राफी झालीच नसेल, तर उपलब्ध रिपोर्टांपैकी सर्वांत आधीचा रिपोर्ट प्रमाण मानावा. पहिला रिपोर्टच सातव्या किंवा आठव्या महिन्यातील असेल, तर वय अनिश्चित आहे असे स्पष्ट समजून चालावे आणि सुमारे तीन आठवड्यांनी पुन्हा मोजमाप करून वाढीचा वेग पाहावा.

तारीख अचूक असली, तरी बाळ त्याच दिवशी येईल अशी अपेक्षा धरू नये. नेमक्या ठरल्या दिवशी जन्मणाऱ्या बाळांचे प्रमाण शंभरात चार-पाच इतकेच असते. बीज सुटल्याचा दिवस संप्रेरकांच्या तपासणीवरून नेमका ठाऊक असलेल्या स्त्रियांचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बीज सुटल्यापासून प्रसूतीपर्यंतचा मध्यम कालावधी २६८ दिवस भरला, पण अकाली प्रसूती वगळूनही वेगवेगळ्या स्त्रियांच्या कालावधीत तब्बल ३७ दिवसांचे अंतर आढळले. म्हणजे मोजणीत चूक नसतानाही निसर्गतःच पाच आठवड्यांची मोकळीक असते. सोनोग्राफीने अंदाज घ्यायचा तो या मोकळिकीच्या आत.

गर्भाशयमुखात काय पाहायचे असते

ज्याला बोलण्यात पिशवीचे तोंड म्हणतात, ते गर्भाशयमुख ही नुसती फट नसून कोलॅजेनच्या घट्ट तंतूंनी बनलेली एक नळी असते. गरोदरपणाच्या मध्यावर तिची लांबी साधारणपणे ३५ ते ४० मिलिमीटर असते. शेवटच्या आठवड्यांत तंतूंची वीण सैल होते, ऊतींमधील पाण्याचे प्रमाण वाढते, मुख मऊ पडते आणि आखूड होत जाते. हा बदल कळा सुरू होण्यापूर्वी कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे चालू असतो, म्हणूनच त्याच्याकडे पाहून पुढचा अंदाज बांधता येतो. मात्र कळांना प्रत्यक्ष चालना देणारी घडामोड, म्हणजे बाळाच्या मूत्रपिंडांवर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी, वार आणि गर्भाशयाचे स्नायू यांच्यातील संप्रेरकांचे आदानप्रदान, सोनोग्राफीच्या पडद्यावर दिसत नाही. दार किती सैल झाले आहे हे दिसते. ते केव्हा उघडले जाईल हे दिसत नाही.

मुख आखूड होण्याची सुरुवात आतून, म्हणजे बाळाच्या बाजूने होते. बोटांनी केलेल्या तपासणीत बाहेरचे तोंड बंद असले, तर आत काय चालले आहे ते कळणे कठीण असते. सोनोग्राफीत मात्र संपूर्ण नळी दिसते. सुरुवातीला आतले तोंड बंद असताना नळी आणि पाण्याची पिशवी मिळून इंग्रजी टी अक्षरासारखी आकृती दिसते. आतले तोंड उघडू लागले की ती वाय, मग व्ही आणि शेवटी यू अक्षरासारखी होत जाते. रिपोर्टमध्ये ‘फनेलिंग’ असा शब्द आला, तर त्याचा अर्थ हाच. सदतीस आठवड्यांनंतर फनेलिंग दिसणे हा आजार नव्हे, ती तयारीची खूण आहे.

येथे एका गोंधळाबद्दल सावध करावेसे वाटते. पाचव्या महिन्यात मुखाची लांबी २५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी भरली, तर अकाली प्रसूतीच्या धोक्यामुळे डॉक्टर उपचारांचा विचार करतात. दिवस भरत आले असताना हीच लांबी अगदी स्वाभाविक असते. त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या रिपोर्टमधील आकडा ऐकून आपल्या आकड्याची तुलना करताना ते किती आठवड्यांचे माप होते, हे आधी विचारावे.

तपासणी केव्हा आणि कशी करावी

सदतीस आठवड्यांपूर्वी या हेतूने तपासणी करून घेण्यात अर्थ नाही. अंदाज मुख्यतः सात दिवसांपुरता लागत असल्याने ज्या आठवड्यात काही ठरवायचे आहे, त्या आठवड्याच्या तोंडावर केलेली तपासणी सर्वांत उपयुक्त ठरते. बहुतेकींच्या बाबतीत हा काळ एकोणचाळीस ते एक्केचाळीस आठवड्यांच्या दरम्यानचा असतो. काहीही ठरवायचे नसेल आणि सर्व काही सुरळीत असेल, तर केवळ उत्सुकतेपोटी ही तपासणी करून घेण्याची गरज नाही, असे माझे मत आहे.

मुखाची लांबी योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीनेच मोजावी. पोटावरून पाहताना बाळाच्या डोक्याची सावली मुखावर पडते आणि भरलेल्या मूत्राशयाच्या दाबामुळे मुख असते त्याहून लांब दिसते, त्यामुळे पोटावरून मिळालेला आकडा या कामासाठी धरू नये. तपासणीपूर्वी लघवी करून मूत्राशय पूर्ण रिकामे करावे. अंगावरून पाणी गेल्यासारखे वाटत असेल, रक्तस्राव झाला असेल, वार खाली असल्याचे पूर्वी सांगितले गेले असेल किंवा रबराची ॲलर्जी असेल, तर ते तपासणी सुरू होण्याआधी सांगावे. योनीमार्गातील प्रोब, म्हणजे यंत्राची आत घालायची दांडी, बारीक असतो, त्यावर नवे आवरण घातलेले असते आणि तो मुखाला ढकलण्याइतका आत न्यावा लागत नाही. त्यामुळे थोडी अस्वस्थता वाटली, तरी सहसा वेदना होत नाहीत. या तपासणीमुळे बाळाला इजा होत नाही किंवा कळा सुरू होत नाहीत. तरीही ती संमतीनेच व्हावी, आणि नको वाटल्यास तसे सांगण्याचा अधिकार गर्भवतीला आहे. अशा वेळी बाहेरून, योनीद्वाराच्या खालच्या बाजूला प्रोब टेकवूनही पुष्कळशी माहिती मिळवता येते.

तपासणाऱ्याने कोणती काळजी घ्यायला हवी, हे ठाऊक असले म्हणजे आकड्यावर किती विसंबावे ते ठरवता येते. प्रोब मुखाच्या पुढच्या खाचेत नेऊन नंतर किंचित मागे घ्यायचा असतो, कारण दाब पडला की मुख दाबले जाऊन लांब दिसते. मुखाच्या पुढच्या आणि मागच्या भिंतींची जाडी सारखी दिसली, तर दाब नाही असे समजतात. चित्रात मुखाने पडद्याचा बराचसा भाग व्यापलेला असावा, आतले तोंड, बाहेरचे तोंड आणि त्यांना जोडणारी नळी ही तिन्ही एकाच चित्रात स्पष्ट दिसावीत, आणि माप आतल्या तोंडापासून बाहेरच्या तोंडापर्यंत घ्यावे. फनेलिंग असेल, तर उघडलेला भाग वगळून फक्त बंद भागाची लांबी मोजतात. मुखाची लांबी काही मिनिटांतही बदलू शकते. गर्भाशयाचा खालचा भाग आकुंचन पावत असेल, तर ते फसवे लांब दिसते. म्हणून तीन ते पाच मिनिटे निरीक्षण करून किमान तीन मापे घ्यावीत आणि त्यांतील चांगल्या प्रतीचे सर्वांत लहान माप नोंदवावे. अर्ध्या मिनिटात एकच माप घेऊन उरकलेल्या तपासणीवर मोठा निर्णय उभारू नये.

आकडा कसा वाचावा

या विषयावरील पाच अभ्यासांतील एकूण ७३५ स्त्रियांची माहिती एकत्र करून केलेले एक विश्लेषण बीजेओजी या प्रसूतिशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आहे. पोटात एकच बाळ आणि त्याचे डोके खाली, अशाच गरोदरपणांचा त्यात समावेश होता. त्यातून निघालेला निष्कर्ष असा, की दिवस भरलेले असताना मुखाची लांबी १० मिलिमीटर असेल, तर पुढील सात दिवसांत प्रसूती होण्याची शक्यता ८५ टक्क्यांहून अधिक असते, आणि लांबी ३० मिलिमीटर असेल, तर तीच शक्यता ५० टक्क्यांहून कमी असते. तपासणीची भाकीत करण्याची क्षमता त्याच विश्लेषणात मध्यम स्वरूपाची ठरली.

हे दोन्ही आकडे नीट समजून घ्यायला हवेत. पंच्याऐंशी टक्के म्हणजे अशा शंभर जणींपैकी दहा-पंधरा जणी आठवडा उलटला तरी घरीच असू शकतात. पन्नास टक्क्यांहून कमी म्हणजे या आठवड्यात काही होणार नाही असे नव्हे. तीस मिलिमीटर लांबी असलेल्या अनेकींना त्याच आठवड्यात कळा सुरू होतात. शिवाय या दोन टोकांच्या मध्ये, म्हणजे पंधरा ते पंचवीस मिलिमीटरच्या पट्ट्यात पुष्कळ स्त्रिया मोडतात, आणि तेथे आकडा एकीकडे झुकलेला नसतो. एखादीला अडतीसाव्या आठवड्यात २२ मिलिमीटर लांबी आहे असे कळले, तर तिने त्यातून एवढेच घ्यावे, की तयारी सुरू झाली आहे आणि आठवडा कोणता ते अजून सांगता येत नाही. दोन वेगवेगळ्या दिवशीच्या मापांत दोन-तीन मिलिमीटरचा फरक दिसला, तर तो मोजणीतलाही असू शकतो. त्याला प्रगती किंवा पीछेहाट समजू नये.

पहिलटकरीण आणि आधी बाळंतपण झालेली स्त्री यांचे आकडे एकाच पट्टीने वाचता येत नाहीत. पहिलटकरणीचे मुख सहसा आधी आखूड होते आणि मग उघडू लागते. आधी बाळंतपण झालेल्या स्त्रीचे मुख थोडे उघडे असूनही लांब राहू शकते, आणि एकदा कळा सुरू झाल्या की आखूड होणे व उघडणे दोन्ही झपाट्याने घडते. म्हणून दुसऱ्या किंवा तिसऱ्या खेपेला मुख लांब आहे या भरवशावर दवाखान्यापासून दूर जाऊ नये.

डोके खाली बसले आहे की नाही, यावरही घरोघरी चर्चा होते. बाहेरून प्रोब टेकवून जघनास्थीच्या, म्हणजे ओटीपोटाच्या खाली पुढच्या बाजूला असलेल्या हाडाच्या, आसाशी बाळाचे डोके किती अंशांचा कोन करते, किंवा त्वचेपासून डोके किती अंतरावर आहे, हे मोजता येते. कोन मोठा आणि अंतर कमी, म्हणजे डोके तितके खाली. ही मापे मुख्यतः कळा सुरू झाल्यानंतर प्रसूतीची प्रगती पाहण्यासाठी रूढ झाली आहेत. पहिलटकरणीच्या बाळाचे डोके कळांच्या कित्येक दिवस आधीच खाली बसू शकते, तर पुढच्या बाळंतपणांत ते कळा सुरू होईपर्यंत वर राहिले तरी त्यात वावगे काही नसते. मुख आणि गर्भाशय यांच्यातील मागच्या बाजूचा कोनही काही ठिकाणी मोजतात. तो रुंद असेल, तर औषधाने कळा सुरू करण्याचा प्रयत्न यशस्वी होण्याची शक्यता अधिक मानली जाते. मुखाचा मऊपणा मोजणारी इलॅस्टोग्राफी अजून नित्याच्या वापरात स्थिरावलेली नाही. तिचा उल्लेख रिपोर्टमध्ये नसेल, तर काही राहून गेले असे समजू नये.

बोटांनी केलेली तपासणी सोनोग्राफीमुळे निरुपयोगी झालेली नाही. अमेरिकन प्रसूतितज्ज्ञ एडवर्ड बिशप यांनी १९६४ मध्ये मांडलेली गुणपद्धती आजही वापरली जाते. तिच्यात मुख किती उघडले, किती आखूड झाले, किती मऊ आहे, कोणत्या दिशेला आहे आणि डोके किती खाली आहे, या पाच बाबींना मिळून १३ गुण असतात. मऊपणा आणि दिशा बोटांना चटकन कळतात, आतल्या तोंडाची स्थिती सोनोग्राफीत दिसते. कळा सुरू करण्यापूर्वीच्या मूल्यमापनात यांपैकी एका पद्धतीची दुसरीवर निर्विवाद सरशी सिद्ध झालेली नाही, म्हणून दोन्हींचे निष्कर्ष एकत्र ठेवून बोलावे हे अधिक चांगले.

कशावरून अंदाज बांधू नये

वारेची परिपक्वता तिसऱ्या दर्जाची आहे असे रिपोर्टमध्ये लिहिलेले असते, आणि वार पिकली म्हणजे बाळ आता येणार, अशी समजूत होते. शून्य ते तीन हे दर्जे १९७९ मध्ये वारेतील चुन्याच्या साठ्याच्या दृश्य रूपावरून ठरवले गेले. कळा केव्हा येतील हे त्यांवरून ठरत नाही. बाळाच्या वजनाचेही तसेच. सोनोग्राफीतील वजन प्रत्यक्ष वजनापेक्षा दहा ते पंधरा टक्क्यांनी चुकू शकते, आणि वजन तीन किलो झाले म्हणून कळा सुरू होतात असा कोणताही नियम नाही. गळ्याभोवती नाळेचा वेढा हीदेखील नेहमी आढळणारी गोष्ट असून तिचा कळांच्या वेळेशी संबंध नाही. गर्भजलाची गोष्ट वेगळी आहे : सर्वांत खोल कप्प्यातील पाणी दोन सेंटिमीटरहून कमी असेल, तर डॉक्टर प्रसूती लवकर करण्याचा विचार करू शकतात, पण तो बाळाच्या सुरक्षिततेसाठी घेतलेला निर्णय असतो, कळा जवळ आल्याची खूण नव्हे.

मिळालेल्या अंदाजाचे काय करावे

मुख आखूड असल्याचे कळल्यावर बॅग भरून ठेवणे, लांबचा प्रवास टाळणे, मोठ्या मुलांची सोय लावणे आणि रात्री-अपरात्री दवाखान्यात कसे पोहोचायचे ते ठरवणे, इतके करावे. मुख आखूड आहे म्हणून एकोणचाळीस आठवड्यांपूर्वीच प्रसूती करून घेण्याची मागणी मात्र करू नये. सदतीस आणि अडतीस आठवड्यांत जन्मलेल्या बाळांना श्वसनाच्या तक्रारी आणि दाखल राहण्याची वेळ एकोणचाळीस-चाळीस आठवड्यांच्या बाळांपेक्षा अधिक येते. मुखाची तयारी आणि बाळाच्या फुप्फुसांची तयारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मुख लांब असल्यास घाबरण्याचे कारण नाही, पण पुढची आखणी आधीच करावी. एक्केचाळीस आठवडे पूर्ण झाल्याची खात्री असल्यास कळा सुरू करण्याचा सल्ला जागतिक आरोग्य संघटना देते, कारण त्यानंतर बाळाला असलेला धोका हळूहळू वाढत जातो. चाळीसाव्या आठवड्यात मुख तीस मिलिमीटर असेल, तर आपोआप कळा न येण्याची शक्यता लक्षात घेऊन डॉक्टरांशी आताच बोलावे : मधल्या काळात बाळाची तपासणी किती दिवसांनी होईल, मुख मऊ करण्यासाठी कोणती औषधे किंवा साधने वापरली जातील, त्यांना किती वेळ लागू शकतो, आणि पाण्याच्या पिशवीचे आवरण मुखाजवळ बोटाने सैल करण्याचा उपाय आपल्याला योग्य आहे का. पूर्वी सिझेरियन झाले असेल, तर हे बोलणे अधिकच आवश्यक आहे, कारण अशा वेळी मुख मऊ करणारी काही औषधे गर्भाशयाच्या जुन्या व्रणामुळे वापरता येत नाहीत.

रिपोर्ट हातात आला की तपासणाऱ्याला किंवा डॉक्टरांना विचारावे : लांबी योनीमार्गातून मोजली का, किती मापांतील सर्वांत लहान आहे, फनेलिंग आहे का, डोके खाली आहे का, आणि आठवडे कोणत्या रिपोर्टवरून मोजले आहेत. यांपैकी शेवटचे उत्तर पहिल्या सोनोग्राफीशी जुळत नसेल, तर तेथेच ते दुरुस्त करून घ्यावे.

बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी झाली, अंगावरून पाणी गेले, रक्तस्राव झाला, तीव्र डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, पोट सतत घट्ट राहू लागले किंवा नियमित कळा वाढत्या जोराने येऊ लागल्या, तर मुखाची लांबी किती होती याचा विचार न करता ताबडतोब दवाखाना गाठावा. कालच्या तपासणीत मुख बत्तीस मिलिमीटर होते, म्हणून आजची कळ खोटी असेल, असा तर्क करून थांबू नये. सोबत सर्व रिपोर्टांची फाइल न्यावी आणि पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफीचा रिपोर्ट तिच्यात सर्वांत वर लावून ठेवावा. दिवस किती भरले आहेत, हे प्रसूतिगृहातील डॉक्टरांना त्या एका कागदावरून क्षणात कळते.